उणे नऊ

हेमांगीचा व्हिडिओ आला तेव्हा
सासरे पायरीवर बसून बोंबील साफ करत होते.
आपल्याकडे सकाळचं ऊन, तिच्याकडे रात्र.
टॉर्चच्या उजेडात तिचं वाळवंटातलं अंगण:
दोन ताड, जुन्या रजयांत गुंडाळलेले,
निवडुंगांच्या शेंड्यांवर थर्माकोलचे उलटे पेले,
वाढदिवसाला आलेल्या पोरांसारखे ते ओळीने उभे.
आणि तिचा आवाज, दातांवर दात आपटत:
काका, उणे नऊ. आजची तिसरी रात्र.

'उणे नऊ म्हणजे किती गं?'
मी काय सांगणार.
माहीमला थंडी म्हणजे पंखा पाचावरून दोनावर.
बर्फ त्यांनी पाहिला तो भाऊच्या धक्क्यावर,
गोणपाटाखाली लादी,
नाहीतर पापलेटांच्या डोळ्यांवर पडलेला चुरा.

पण ताड त्यांना ठाऊक.
मोरेश्वर कीर, जातीचा भंडारी,
बत्तीस वर्षं कमरेला कोयती, पाठीला मडकं.
'तिला लिही,' म्हणाले, 'ताडाला एकच जीव,
तो वर, पोग्यात.
आंब्यासारखी फांदीफांदीत दुसरी सोय नाही.
झावळ्या करपतील, करपू देत.
मेलेल्या झावळ्याच त्याचं पांघरूण.
कापायची घाई नको.'

निवडुंगाचं मात्र त्यांना कळेना.
हेमांगी म्हणते, थंडी लागायच्या आधीच
तो आपणहून पाणी टाकतो, सुरकुततो,
आतला रस दाट करून घेतो
चिकट, पाकासारखा, सहजी न गोठणारा.
सासऱ्यांना हे पटेना. झाड कधी मुद्दाम तहानेलं राहतं?

दुसऱ्या दिवशी फ्रीज उघडला
तर बर्फाच्या कप्प्यात, कोळंबीच्या डब्याला लागून
निवडुंगाची दोन पानं.
एक खालच्या डिसिल्वांच्या कुंडीतलं, रोज पाणी प्यालेलं, टम्म.
दुसरं आमच्याच गच्चीवरचं,
दिवाळीपासून विसरलेलं, म्हाताऱ्या कानासारखं.
मी ओरडले. ते म्हणाले, एक रात्र. फक्त एक रात्र.

सकाळी बशीत ठेवून आम्ही दोघं बघत बसलो.
टम्म पान दुपारपर्यंत काळं पडलं,
ओल्या पायपुसण्यासारखं बशीभर पसरलं.
सुकलेलं तसंच.
कडेला एक डाग, बस.
सासरे बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग डावी मांडी चोळत म्हणाले,
'हिलाही डॉक्टर कापा म्हणाला होता.'

एकोणऐंशी साली शितळादेवीमागच्या ताडावरून पडले तेव्हाचं.
पाय महिनाभर गार, निळा.
सही करायला कागद पुढे आला
आणि त्यांनी पेनच हरवलं म्हणून सांगितलं, चार दिवस.
पाय आजही वाकडा आहे.
गणपतीला त्याच पायावर नाचतात.

फेब्रुवारीत हेमांगीचे ताड राखाडी.
शेजारी म्हणे करवत देऊ का.
मार्चमध्येही राखाडी.
ती दर रविवारी विचारायची, कापू?
हे दर रविवारी, नको.
मला तर वाटायचं, दोघांनाही आता ताडाचं नाही,
रविवारचं काहीतरी लागतंय.

मेच्या शेवटी तिचा फोन. आवाज वेगळा.
एका ताडाच्या शेंड्यात हिरवं टोक,
सुईएवढं, हात लावायला भीती वाटेल असं.
दुसऱ्याचा पोगा ओढला, तर सरळ हातात आला.
'वास कसा?' सासऱ्यांनी विचारलं.
आंबट, काका.
ते थांबले. तो वास त्यांनी
आयुष्यभर मडक्यात वाहिला होता.
'मग तो गेला,' म्हणाले. 'त्याला आता काप.'

सुकलेलं पान डालड्याच्या डब्यात लावलंय, खिडकीत.
परवा त्याला लहानसा कान फुटला.
सासरे रोज त्याच्यापाशी बसतात, पाणी घालत नाहीत.
आणि मी सरबत करायला बर्फाचा ट्रे काढते
तेव्हा बोटात अजून
एखादा बारीक काटा जातो.